पोर्चमधली स्पिटफायर : सत्तावीस वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचं प्रकरण

या प्रकरणातल्या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही किरकोळ तपशील बदलले आहेत. गाडी, कामं आणि चुका जशा होत्या तशाच आहेत. काही चुका माझ्याही आहेत.

पार्श्वभूमी

डेक्कन भागातल्या एका जुन्या बंगल्याच्या पोर्चमध्ये १९९४ च्या पावसाळ्यापासून एक गाडी उभी होती. वर ताडपत्री आणि ताडपत्रीवर बोगनवेलीचा कचरा. घरातल्या पुढच्या पिढीला ती फक्त 'आबांची गाडी' म्हणून माहीत होती. ताडपत्रीखाली होती १९६८ ची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क थ्री. दोन माणसांची, उघड्या टपाची, आणि पुढचं अख्खं नाक बॉनेटसकट पुढच्या बाजूला उलटणारी.

आबा दिल्लीला नोकरीत असताना १९७५ मध्ये त्यांनी ती स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या लिलावात घेतली. वकिलातीतले परदेशी अधिकारी बदली होऊन जाताना गाड्या मागे ठेवून जात. त्या गाड्या हे सरकारी महामंडळ लिलावात काढत असे. भारतातल्या बऱ्याच जुन्या विलायती गाड्या अशाच वाटेने सामान्य घरांत आल्या. आबा ती चालवत पुण्याला घेऊन आले, १९७९ मध्ये महाराष्ट्राचा नंबर घेतला, १९८१ मध्ये लाल रंग दिला. १९९४ मध्ये क्लच गेला. आबांची नजरही तोवर अधू झाली होती. 'दिवाळीनंतर बघू' म्हणून गाडी उभी केली, ती उभीच राहिली.

स्पिटफायर १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडात तीन लाखांहून जास्त बनल्या. आकार इटालियन डिझायनर जोव्हानी मिकेलोत्ती यांचा. मार्क थ्रीचं इंजिन १२९६ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर, ताकद ७५ अश्वशक्ती. आजच्या हिशोबात हे काहीच नाही, पण गाडीचं वजन जेमतेम सातशे किलोंच्या वर आणि बूड जमिनीला टेकेल इतकी खाली बसण्याची जागा. ताशी साठलासुद्धा विमानात बसल्यासारखं वाटतं.

आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी होती. स्पिटफायरचा सांगाडा आणि सस्पेन्शन ट्रायम्फ हेराल्डपासून घेतलेलं आहे, आणि हेराल्ड आपल्याकडे मद्रासला 'स्टँडर्ड हेराल्ड' म्हणून बनत होती. गाडी परकी, पण तिचे भाऊबंद एकेकाळी लक्ष्मी रोडवरून रोज जात होते.

अडचण

२०२१ च्या शेवटी बंगल्याच्या पुनर्विकासाचा करार झाला. बिल्डरने जागा मोकळी करायला चार महिने दिले. कपाटं, भांडी, देव्हारा यांचं ठरलं. गाडीचं ठरेना.

घरात तिघांची तीन मतं होती. आजी, वय ८१, एवढंच म्हणाल्या, "भंगारात द्यायची नाही. बाकी तुम्ही काय ते ठरवा." त्यांच्या पुतण्याचं भोसरीला मशीन शॉप आहे, गाड्यांचा नाद जबर. त्याला जिप्सीचं इंजिन आणि पाच गिअर टाकून गाडी 'नीट पळणारी' करायची होती. नात चाकणला विजेच्या गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. तिला ती बॅटरीवर करायची होती. जुन्या गाड्यांची कामं मी करून घेतो. मला बोलावलं ते पुतण्याने, तिसरा माणूस आपल्या बाजूने बोलेल या हिशोबाने.

पहिल्या पाहणीत दिसलं ते असं. मधली चॅसी ठणठणीत, कारण इंजिनातून वर्षानुवर्षं गळलेल्या तेलाने तिला आपसूक गंजरोधक लेप दिला होता. दारांखालचे उंबरे आणि पायाखालचा पत्रा मात्र चाळणी. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, सीटमध्ये त्यांची बाळंतपणं झालेली. ब्रेकची सगळी सिलिंडरं जाम. इंजिन हाताने फिरत होतं, हे नवल.

कागद आधी

मी पहिले तीन आठवडे गाडीला पाना लावू दिला नाही. पुतण्या वैतागला. "काका, पावसाळ्याआधी पत्रा उघडायचाय आणि तुम्ही बिस्किटांचे डबे काय उघडताय?" पण अशा प्रकरणात गाडीपेक्षा कागद आधी मरतात, हा माझा अनुभव.

आजींच्या ट्रंकेतल्या पत्र्याच्या डब्यात लिलावाची पावती, कस्टमचा कागद आणि आरसी पुस्तक मिळालं. आरसी आबांच्या नावावर होती आणि आबा जाऊन अकरा वर्षं झाली होती. नोंदणीची मुदत केव्हाच संपलेली. म्हणजे आधी वारसाच्या नावावर बदली, मग फेरनोंदणी. चॅसीवरचा क्रमांक घासून वाचला, पुस्तकाशी जुळला. तो जुळला नसता तर मी हे प्रकरण तिथेच सोडून दिलं असतं.

पर्याय

सांगाडा विकून टाकणं हा पहिला. खरेदीदार होते, भावही बरा सांगत होते. आजींच्या एका वाक्याने तो पर्याय गेला.

नातीचा विजेचा पर्याय मी मनापासून तपासला, कारण ती आकडेमोड करून आली होती. पण आपल्याकडे जुन्या गाडीत विजेचा संच बसवायचा तर तो संच त्या प्रकारच्या गाडीसाठी अधिकृत चाचणी संस्थेकडून मान्य झालेला लागतो. देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असलेल्या गाडीसाठी असा संच कोण मान्य करून घेणार? कोथरूडला एआरएआय ही वाहनांची चाचणी संस्था घरापासून दहा मिनिटांवर असली तरी एका गाडीसाठी ती वाट परवडणारी नव्हती. नातीने स्वतःच फाइल मिटली.

जिप्सीच्या इंजिनाचा मोह खरा होता. ते १२९८ सीसी, म्हणजे मूळ इंजिनापेक्षा फक्त दोन सीसी जास्त. ताकद ऐंशीच्या आसपास. शिवाय ते उभं बसतं आणि मागच्या चाकांना जोर देतं, म्हणजे मारुतीच्या इतर बहुतेक इंजिनांसारखी आडव्या मांडणीची भानगड नाही. पुतण्याने माउंटिंगचे नकाशेही काढले होते. अडलं ते दोन ठिकाणी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीत नोंदलेल्या उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्टपणे सांगितलं आहे. दुसरं म्हणजे मागचा ॲक्सल. तो ७५ अश्वशक्तीलाच कुरकुरतो.

उरला मूळ रूपात दुरुस्त करण्याचा मार्ग. इथे नवाच फाटा होता. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी 'व्हीए' अक्षरांच्या मालिकेत नोंदता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००. मात्र ती गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते.

म्हणून मी तिघांना एकच प्रश्न विचारला : गाडी घेऊन तुम्ही जाणार कुठे? आजी लगेच म्हणाल्या, "खडकवासल्याला. कणीस खायला. आबा न्यायचे." रॅली आणि प्रदर्शन यांत कणीस कुठे बसत नव्हतं. त्यामुळे निर्णय असा झाला : नेहमीची फेरनोंदणी करायची. पण गाडीत असा एकही बदल करायचा नाही जो उलटवता येणार नाही, म्हणजे व्हीएचा दरवाजा पुढे कधीही उघडता येईल. सुधारणा करायच्या त्या थांबण्याच्या, दिव्यांच्या आणि तापण्याच्या बाबतीत. पळण्याच्या बाबतीत नाही.

पुतण्या दोन दिवस बोलला नाही. मग म्हणाला, "ठीक आहे काकू, पण लेथचं काम माझ्याकडेच." ते सगळ्यांच्या सोयीचं होतं.

पहिली चूक : व्हिडिओ

मार्च २०२२ मध्ये गाडी धायरीतल्या एका शेडमध्ये हलवली. त्याच रविवारी, मी पुण्यात नसताना, नात आणि पुतण्याने प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडलं, बाटलीतून पेट्रोल दिलं आणि इंजिन चालू केलं. सत्तावीस वर्षांनी ते बोललं. वीस मिनिटं चालवलं, व्हिडिओ काढला, कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. आजी रडल्या म्हणे.

ट्रायम्फच्या या इंजिनांचा एक जुना दोष आहे. क्रँकशाफ्टला पुढेमागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर झिजले की निखळून तेलाच्या चेंबरमध्ये पडतात. त्यानंतर क्रँक थेट ब्लॉकला खाऊ लागतो. हे तपासायला पैसे लागत नाहीत. एकाने क्लच दाबायचा, दुसऱ्याने समोरची पुली बघायची. पुली डोळ्याला दिसेल इतकी पुढे सरकली तर इंजिनाला हात लावायचा नाही. योग्य खेळ असतो ०.१ ते ०.२ मिलिमीटर.

इंजिन उघडलं तेव्हा एक वॉशर चेंबरमध्ये पडलेला होता आणि मागच्या बेअरिंगच्या कॅपवर चकचकीत खाच. ती त्या वीस मिनिटांची की १९९४ च्या आधीची, हे कोणी सांगू शकत नाही. मला वाटतं दोन्हीची. दोष मी माझ्याकडे घेतो, कारण 'चालू करू नका' असं मी सांगितलं होतं, 'का' ते सांगितलं नव्हतं. उत्साही माणसांना नुसती मनाई पुरत नाही. कॅप भरून मशीनिंग केलं, जाड मापाचे वॉशर बसवले, बोअर एक माप वाढवला. भोसरीतच झालं म्हणून स्वस्तात सुटलो.

इंजिन उघडलंच होतं म्हणून हेडमध्ये कठीण धातूच्या एक्झॉस्ट सीट बसवून घेतल्या. जुन्या पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या सीटला वंगणासारखं जपत असे. आपल्याकडे २००० पासून शिसं नाही, आणि मऊ बिडाच्या सीट त्याशिवाय हळूहळू आत धसतात.

दुसरी चूक : उंबरा

ही जास्त महाग पडली. हेराल्डच्या चॅसीला कडेपर्यंत पसरलेले हात आहेत. स्पिटफायरमध्ये ते कमी केलेत आणि तो भार दारांखालच्या उंबऱ्यांवर दिलाय. म्हणजे उंबरा हा नुसता शोभेचा पत्रा नाही. तो कापायचा तर आधी दाराच्या चौकटीत आडवे अँगल वेल्ड करून बॉडी धरून ठेवावी लागते. नाहीतर ती उघड्या पुस्तकासारखी मधून झुकते.

पत्राकाम ज्या गॅरेजला दिलं तिथला डेंटर हाताचा पक्का होता, पण त्याची सगळी हयात टपाच्या गाड्यांवर गेलेली. टप असलं की टपच बॉडी धरतं. मी अँगलचं तोंडी सांगितलं, कागदावर दिलं नाही. डावा उंबरा आधाराशिवाय कापला गेला. नवा पत्रा जोडून दार लावायला गेले तर दार मागच्या कडेला अडकायला लागलं, फट सहा मिलिमीटरने मिटलेली. सगळं वेल्डिंग परत कापलं, जॅक लावून बॉडी इंचाइंचाने उचलली, अँगल टाकले आणि पुन्हा केलं. सात आठवडे आणि लाखभर रुपये वाया.

तेव्हापासून मी कोणत्याही गॅरेजला काम देताना एक साधा कागद देतो : कापण्याआधी दाराच्या चार फटी मोजून खडूने पत्र्यावर लिहा, फोटो पाठवा, मग ग्राइंडर उचला.

नाना पेठ आणि कमानपाटा

इंग्लंडात या गाडीचे बहुतेक सगळे भाग आजही नवे मिळतात. पण वाहतूक आणि सीमाशुल्क धरून किंमत दुणावते. म्हणून आधी नाना पेठ. तिथल्या एका म्हाताऱ्या चाचांनी उमेदीची वर्षं हेराल्डवर काढली होती. पोटमाळ्यावरून त्यांनी जुन्या स्टॉकमधले सस्पेन्शनचे बुश आणि स्टीअरिंग रॅकचे भाग काढून दिले. इंजिनाचं मात्र काही जुळेना. आपल्या हेराल्डचं इंजिन ९४८ सीसीचं.

चाचांनी भागांपेक्षा मोलाची गोष्ट सांगितली. "मागची चाकं बघा. जॅकवर घेतली की कोंबडीसारखे पाय पोटात घेते ही गाडी." हा स्विंग ॲक्सल. प्रत्येक मागचं चाक मधल्या सांध्याभोवती कमानीत हलतं. वळणावर जोरात असताना अचानक ॲक्सिलरेटर सोडला तर मागचा भाग वर उठतो, बाहेरचं चाक आत दुमडतं आणि गाडी गिरकी घेते. आपल्या मेकॅनिकांचा या ॲक्सलवर कधीच विश्वास नव्हता. स्टँडर्डने पुढे हेराल्डवरूनच गझेल काढली, तिला साधा सरळ ॲक्सल दिला.

इतकं कानावर पडूनही आम्ही घसरलो. मागचा आडवा कमानपाटा, म्हणजे पात्यांची स्प्रिंग, दबून सपाट झाला होता म्हणून तो ट्रकचे पाटे करणाऱ्याकडे दिला. त्याने त्याच्या धंद्याच्या न्यायाने चांगली कमान उचलून दिली. ट्रकला ते उत्तम. आमच्या गाडीचं मात्र बूड वर आलं आणि मागची दोन्ही चाकं खालून आत, वरून बाहेर झुकली. चाचा म्हणाले तो कोंबडीचा पाय, तोही उभ्या गाडीत. कात्रजच्या घाटात अशी गाडी नेणं म्हणजे आत्महत्या. पाटा दुसऱ्यांदा काढला, दोघांच्या वजनासकट चाकं उभी किंवा वरून किंचित आत कललेली राहतील इतकाच ठेवला. पुढच्या मॉडेलमधला सुधारित पाटा मागवावा का, यावर बराच खल झाला. त्याबरोबर पुढचा अँटिरोल बारही, म्हणजे वळणावर गाडीचं झुकणं रोखणारी सळई, जाड करावा लागतो. शेवटी नको म्हटलं. आजही मला तो निर्णय शंभर टक्के पटलेला नाही.

आधुनिक काय केलं

ब्रेकपासून सुरुवात. मूळ गाडीत एकच सर्किट, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकं मोकळी. दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवला. अमेरिकेत जाणाऱ्या मार्क थ्रीला कंपनी १९६८ पासून तो देतच होती, त्यामुळे मूळपणाचा वाद मिटला. तीन बिंदूंचे सीटबेल्ट घातले.

डायनमोच्या जागी अल्टरनेटर आला. जुना डायनमो जेमतेम बावीस अँपिअर देतो, तोही इंजिन जोरात असताना. कर्वे रोडवर सिग्नलला उभं राहून दिवे, पंखा आणि वायपर चालवणं त्याच्या कुवतीबाहेरचं. रेडिएटरचा गाभा नव्याने भरून घेतला, थर्मोस्टॅटवर चालणारा विजेचा पंखा लावला. डिस्ट्रिब्युटर तोच, फक्त आतले पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मोड्यूल. झाकण लावलं की बाहेरून कळत नाही. सगळे जुने भाग खुणा करून एका खोक्यात ठेवलेत.

वायरिंगची एक गंमत. वायरमनने आठ दिवसांत अख्खं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, करून आणलं, फक्त लाल आणि पिवळ्या वायरीत, कारण दुकानात तेवढेच रंग होते. चाललं असतं. पण विजेचे भाग बनवणाऱ्या ल्यूकस कंपनीच्या पद्धतीत काळी अर्थिंगची, तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजनंतरची. दहा वर्षांनी रात्री ताम्हिणीत दिवे गेले तर नकाशा आणि वायर यांची भाषा एक असायला हवी. नातीने स्वतः बसून नवं हार्नेस केलं. प्रकरणात तिचं सगळ्यात चांगलं काम हेच.

इथेनॉलचा विचार वेळेत झाला हे नशीब. ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येणार हे २०२२ मध्ये दिसत होतं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, पाणी ओढून घेतं आणि जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ पाडतं. सगळ्या नळ्या, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरचे सील इथेनॉल सोसणारे घातले आणि एसयूच्या सुया बदलून मिश्रण थोडं जाड केलं.

टायरचा प्रश्न सगळ्यात सोपा निघाला. जुन्या वॅगनआरला चालणारे १४५/८० आर १३ चपखल बसले.

रंग

डॅशबोर्डच्या मागे मूळ फिकट निळा रंग सापडला आणि पुतण्या मूळपणाचा कैवारी झाला. जिप्सीचं इंजिन घालायला निघालेला हाच माणूस! आजी म्हणाल्या, "मी निळ्या गाडीत कधी बसलेच नाही." आरसीतही रंग लाल होता. वाद संपला. निळ्याचा तळहाताएवढा तुकडा डॅशच्या मागे तसाच ठेवलाय.

निष्पत्ती

अंदाज सहा लाखांचा होता, खर्च साडेअकरा लाखांवर गेला. अठरा महिन्यांत होईल म्हटलं होतं, बावीस लागले. २०२३ च्या शेवटी तपासणी होऊन फेरनोंदणी झाली. आयात गाडी म्हणून शुल्क ४०,००० रुपये, वर हरित कर आणि विलंबाचा दंड. बाजारात गाडीला याहून जास्त किंमत येईलही, पण ती विकायची नसल्याने तो आकडा कोणी काढलेला नाही.

आज परिस्थिती पाहिली तर नोंदणीचा प्रश्न पुन्हा उभा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या आयात मोटारींच्या नूतनीकरणाचं शुल्क ८०,००० झालं. पुढची खेप २०२८ मध्ये. तेव्हा व्हीए मालिका स्वस्त पडेल, पण खडकवासल्याचं कणीस जाईल. नात म्हणते व्हीए, पुतण्या म्हणतो पैसे मी भरतो. निवड शिल्लक आहे ती जिप्सीचं इंजिन बसवलं नाही म्हणून.

पुन्हा करायचं झालं तर मी पत्राकाम आधी संपवीन आणि तोवर इंजिन दुसऱ्या जागी, कुलपात ठेवीन. पाटा ट्रकवाल्याकडे देणार नाही. सुधारित पाटा आणि जाड बार एकदमच मागवीन. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर, पैशांपायी सोडला, तोही घेईन. द्रुतगती मार्गावर चौथ्या गिअरमध्ये शेजारच्याशी बोलता येत नाही.

एक काळजी मात्र पैशाने सुटत नाही. पुढच्या चाकांचा उभा दांडा खाली पितळी ट्रनियनमध्ये आट्यांवर फिरतो. तिथे ग्रीस चालत नाही, ९० नंबरचं गिअर ऑइल लागतं, तेही दर सहा महिन्यांनी. विसरलं की आट्यांत गंज धरतो, एक दिवस दांडा तुटतो आणि चाक आडवं पडतं. नव्या काळातल्या कुठल्याही गॅरेजला हे माहीत नाही. मी कामांचं वेळापत्रक छापून दिलं होतं, ते कुठेतरी हरवलं. आजींनी स्वतःच तोडगा काढला. गाडीची पूजा दसऱ्याला होतेच, दुसरी खेप गुढीपाडव्याला, साधारण सहा महिन्यांनी. नव्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या दोन तारखांखाली त्यांच्या अक्षरात लिहिलंय : 'गाडीला तेल. ग्रीस नाही.'